हेराल्ड बघायला कोईमतूर, वाटेत कोल्हापूरची पद्मिनी

पुण्यातनं कोईमतूर म्हणजे अकराशे-बाराशे किलोमीटर कुठे गेले नाहीत, आणि एवढा उपद्व्याप कशासाठी तर एक स्टँडर्ड हेराल्ड, म्हणजे पन्नास वर्षांहून जुनी मोटार, विकायला आहे म्हणून. बायको म्हणाली व्हिडिओ कॉल करा की. पण व्हिडिओत रंग दिसतो, पत्रा दिसत नाही, आणि विकणाऱ्याला खरंच विकायचीये का हे तर अजिबातच कळत नाही.

खंबाटकीला नेहमीचं ट्रॅफिक, ते सोडा. कोल्हापुरात एक पद्मिनी बघायची होती, ऐंशीच्या दशकातली, एमएचच्या आधीची तीन अक्षरी नंबर प्लेट, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. जाहिरात पोराने टाकलेली आणि गाडी वडिलांची, इथेच मला शंका आली. काकांनी आम्हाला हात लावू न देता स्वतःच चोक ओढून स्टार्ट करून दाखवली, म्हणाले "इंजिन कधी खोललंच न्हाई बगा". इंजिन खरंच गोड होतं. पण मी रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक दारावरनं फिरवलं तर वरती चिकटतंय आणि खालच्या चार बोटांत सरळ घसरतंय, म्हणजे आत पत्रा नाही, नुसती लांबी (पुट्टी) भरलेली. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं तर स्क्रू ड्रायव्हर आरपार. पद्मिनीला वेगळी चासी (खालची लोखंडी चौकट) नसते, बॉडी हाच सांगाडा, त्यामुळे फ्लोअर आणि दाराखालची पट्टी गेली की डेंटिंगवाला म्हणेल तो आकडा. पोरगा लगेच किंमत खाली आणायला लागला, तर काका चिडले, "मला न्हाई विकायची". चहा मात्र पाजला, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातनं निघालेल्या गाड्यांवर तासभर गप्पा झाल्या. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाली त्याचं त्यांना घरचं कोणी गेल्यासारखं वाईट वाटत होतं.

पुढे बेळगाव, हुबळी, मग मैसूर, आणि तमिळनाडूत उतरणारा धिंबम घाट. सत्तावीस हेअरपिन आहेत आणि रात्री वाहनं सोडत नाहीत जंगलामुळे, म्हणून पहाटे वेळ साधून निघा.

कोईमतूरला भाषेची पंचाईत होणार होती पण तिथे सोनं गाळणारे विट्या-आटपाडीकडचे बरेच लोक आहेत, मित्राच्या ओळखीतले एक गलाईवाले दादा सोबत आले, तमिळ आपल्या मराठीसारखं फाडफाड. हेराल्डवाले गृहस्थ रिटायर्ड. त्यांनी गाडी दाखवायच्या आधी दोष सांगायला सुरुवात केली, हे गेलंय, ते बदललंय, हा दिवा दुसऱ्या गाडीचा आहे. ज्याला खरंच विकायची असते तो असाच बोलतो, असं माझं मत झालंय. मग दोन्ही बाजूचे खटके काढून पुढचं अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे पलटलं आणि इंजिन, चाकं, सगळं उघडं. मेकॅनिक टायरवर बसून काम करू शकतो हो यात! 948 सीसीचं छोटं इंजिन, आणि वळते इतक्या जागेत की रिक्षावाला बघत राहील. हिला वेगळी चासी आहे, त्यामुळे आडवं झोपून टॉर्चने चासीचे बाजूचे आधार बघितले. एक गंजलाय, वेल्डिंगने होईल.

आता कागद. 2021 च्या नियमाने 50 वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून रजिस्टर होते, व्हीएची वेगळी नंबर सिरीज, नव्या रजिस्ट्रेशनला 20 हजार, वैधता 10 वर्षं. अट अशी की रोज वापरायची नाही. मला कुठे रोज भाजी आणायचीये. चासीवरचा नंबर खरवडून, खडू फासून, आरसीशी एकेक आकडा जुळवून बघितला, जुळला. कोल्हापूरची कितीही गोड वाजली तरी ती या नियमात बसत नाही, दर पाच वर्षांनी पासिंग आणि ग्रीन टॅक्स.

येताना कोईमतूरचे उद्योजक जीडी नायडूंच्या नावाचं जीडी कार म्युझियम बघितलं, अविनाशी रोडवर, तिथे अर्धा दिवस कमी पडतो.

बयाणा दिलाय. तमिळनाडूच्या आरटीओची एनओसी यायचीये, तोवर ट्रकवाल्यांचे भाव विचारतोय, कुणी कोईमतूर-पुणे गाडी आणली असेल तर कमेंटमध्ये सांगा, मला मिळालेले दोन्ही आकडे ऐकून बायकोने फोनच खाली ठेवलाय.