तीसचा भागाकार

"बघून घ्या साहेब, किमान वेतनाच्या सरकारी दराच्या एक पैसा खाली नाही," म्हणत कंपनीला हेल्पर पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या माणसाने पगारपत्रक पुढे सरकवलं. खरंच नव्हता. मूळ वेतन अधिक विशेष भत्ता मिळून रकान्यात १३,००० होते. (हिशेब कळावा म्हणून आकडा गोल केलाय. प्रत्यक्ष दर उद्योग, परिमंडळ आणि कुशल-अकुशल वर्गाप्रमाणे ठरतो. विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो.)

मग कपातीआधीचं एकूण वेतन ११,२६७ कसं? हजेरी पूर्ण २६ दिवस, खाडा एकही नाही. १३,००० भागिले ३०, म्हणजे रोज ४३३.३३. गुणिले २६. महिन्याच्या दरात साप्ताहिक सुट्टीचा पगार धरलेलाच असतो, म्हणून भागायचं २६ ने, आणि रोज येतो ५००. तीसने भागून सव्वीसने गुणलं की माणशी १,७३३ रुपये जातात. दराचा रकाना मात्र सोवळ्यात राहतो!

हजेरीपटावर सगळ्या हेल्परांची वेळ सकाळी ८ ते ४.३०, एका हाताने, एका शाईने भरलेली. अशा वेळी गेटवरचं रजिस्टर मागवायचं. ते कंपनीचं असतं, ठेकेदाराला त्याची आठवण राहत नाही. त्यात तीच नावं रात्री ८ ला बाहेर पडताना दिसली. जेवणाचा अर्धा तास वजा केला तर साडेअकरा तास काम, आठवड्याला ६९. तेव्हाच्या कारखाने कायद्याच्या ४८ तासांपुढचे २१ तास दुप्पट दराने द्यायचे. म्हणजे दिवसाला साडेतीन, महिन्याला ९१ तास. ताशी ६२.५० ची दुप्पट १२५, एकूण ११,३७५. जवळजवळ दुसरा पगारच. पत्रकात त्या जागी 'प्रोत्साहन भत्ता २,५००'. भागाकार आणि ओव्हरटाइम दोन्ही मिळून महिन्याला माणशी १०,६०८ रुपये कमी.

किमान वेतन वाढवलं तर लहान कारखाने बंद पडतील की नाही, यावर पुष्कळ बोललं जातं. मुद्दा खोटा नाही, पण या टेबलावर तो गैरलागू होता. दर उद्या हजाराने वाढला असता तरी त्यातले १३३ रुपये त्याच भागाकारात गेले असते.

हे प्रकरण १९४८ च्या किमान वेतन कायद्याखालचं. तेव्हा किमान वेतनाच्या दाव्याला मुदत सहा महिने, उशिराला सबळ कारण दाखवावं लागे, आणि कामगार बहुधा काम सुटल्यावरच तोंड उघडतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत ती मुदत तीन वर्षं आहे. संहितेतल्या बदलांपैकी मला हाच सर्वांत कामाचा वाटतो. पण दावा टिकतो कागदावर, म्हणून जुन्या पगारचिठ्ठ्या टाकू नयेत आणि मोबाइलमध्ये गेटपासचा फोटो ठेवावा.

शेवटी कंपनीने ठेकेदाराला दिलेली ऑर्डर मागवली. ठेकेदाराने बुडवलेला पगार मूळ मालकाला भरावा लागतो, त्यामुळे मॅनेजर जरा कुरकुरतच घेऊन आले. महिन्याला माणशी १४,५००, सर्व देणी धरून, कामाचे तास लिहिलेलेच नाहीत. मी समोरच आकडे मांडले: वेतन १३,०००, मालकाचा पीएफ विमा वर्गणी आणि प्रशासन शुल्कासह १३ टक्के म्हणजे १,६९०, ईएसआय (कामगार विमा) ३.२५ टक्के म्हणजे ४२३, बोनस ८.३३ टक्के म्हणजे १,०८३. झाले १६,१९६. रजा, गणवेश, ठेकेदाराचा नफा आणि ओव्हरटाइम अजून बाकीच.

मॅनेजर कागदाकडे बघत म्हणाले, "कोटेशन यांचंच सगळ्यात कमी होतं."