मोथ्रा मान वळवते तेव्हा

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

दुपारपासून पाऊस थांबलेला नाही. भाची मुक्कामाला आली आहे. जेवणं झाली तरी तिला झोप येईना, म्हणून दोघींनी तीन डोक्यांच्या गिदोरा नावाच्या राक्षसाचा १९६४ चा जपानी सिनेमा लावला. संवाद जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. ती जिथे अडली तिथे मी सांगत गेले.

फुजी पर्वताच्या परिसरात गॉडझिला हा महाकाय राक्षस आणि रोदान हा उडणारा राक्षस यांची जुंपते आणि भांडण दगडांवर येतं. एकाने शिळा टोलवायची, दुसऱ्याने ती परत पाठवायची. मध्ये मोथ्रा, म्हणजे एक राक्षसी अळी, बसलेली. शिळा इकडे आली की तिची मान इकडे, तिकडे गेली की तिकडे. भाची उशी पोटाशी धरून हसत सुटली. "मावशी, ती मॅच बघतेय!" मी हा प्रसंग किती वेळा पाहिला असेन, मोजलेलं नाही. आजही हसू आवरलं नाही.

त्यानंतरचा प्रसंग मला याहून प्रिय आहे. गिदोरा अंतराळातून आला आहे आणि शहरं उद्ध्वस्त करतो आहे. मोथ्रा गॉडझिला आणि रोदानला विनवते, भांडण सोडा, मिळून लढू. हे बोलणं चालतं राक्षसांच्या भाषेत आणि माणसांना त्याचा अर्थ सांगतात मोथ्राच्या बेटावरून आलेल्या दोन इवल्याशा जुळ्या पऱ्या. ही कामं एमी आणि युमी इतो या जुळ्या गायिकांनी केली आहेत, 'द पीनट्स' नावाने गाणाऱ्या. गॉडझिलाचं म्हणणं असं, की माणसांनी आम्हाला सदैव छळलं, आम्ही त्यांच्यासाठी का मरायचं? रोदानही तेच म्हणतो. मग मोथ्रा एकटीच निघते. एक अळी, सरपटत, तीन तोंडांनी वीज ओकणाऱ्या गिदोराकडे. इथे भाचीचं हसू थांबलं. ती उठून बसली.

अशा सिनेमांना 'कॅम्प' म्हणतात. इतकं भडक, खोटेपणा इतका उघड, की त्यातच गंमत. गंमत आहेच, ती मला कमी लेखायची नाही. पण ती येते कुठून, हे आज भाचीशेजारी बसून पाहताना मला जास्त नीट दिसलं. पडद्यावरचं कुणीही डोळा मिचकावत नाही. अळी मॅच बघत असते तेव्हाही अकिरा इफुकुबे यांचं संगीत राक्षसांना राक्षसांचाच मान देतं.

याच इफुकुबेंनी १९५४ च्या पहिल्या गॉडझिलाला संगीत दिलं होतं. त्याची डरकाळीही त्यांच्याच कल्पनेतली: डबल बास या मोठ्या तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारेवरून राळ लावलेला चामडी हातमोजा घासायचा. दिग्दर्शक तेव्हाही इशिरो होंडा, स्पेशल इफेक्ट्स एइजी त्सुबुराया यांचे, निर्माते तोमोयुकी तानाका, गॉडझिलाच्या रबरी सुटात हारुओ नाकाजिमा. म्हाताऱ्या शास्त्रज्ञाच्या भूमिकेत ताकाशी शिमुराच, कुरोसावांच्या 'सेव्हन सामुराय' सिनेमातले नट. म्हणजे माणसं तीच. आणि तो पहिला सिनेमा म्हणजे नुसता शोक आहे.

१ मार्च १९५४ रोजी प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि 'दाइगो फुकुर्यु मारू' या मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर किरणोत्सारी राख पडली. बोटीचे रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा सप्टेंबरात वारले. जेमतेम सहा आठवड्यांनी, ३ नोव्हेंबरला, अशाच बॉम्बच्या चाचणीने जागा झालेला गॉडझिला पडद्यावर आला. पेटलेल्या तोक्योत एक आई मुलांना कुशीत घेऊन सांगते, आता आपण बाबांकडेच जाणार. नागासाकीतून वाचून आल्याचं आगगाडीत बोलणारी एक तरुणी आहे. स्वतः होंडा युद्धानंतर चीनमधून घरी परतताना हिरोशिमावरून गेले होते.

दहाच वर्षांत त्याच हातांनी गॉडझिलाला दगडांशी खेळायला लावलं. पूर्वी मला ही घसरण वाटायची, आता वाटत नाही. ज्याच्या भीतीने झोप उडाली होती त्याला मुलांसमोर उभं करून भांडायला, रुसायला आणि शेवटी मदतीला धावायला लावायचं, यालाही जिगर लागते. १९६४ म्हणजे तोक्यो ऑलिम्पिकचं वर्ष. जळालेलं शहर पुन्हा उभं राहिलं होतं. सिनेमा त्याच डिसेंबरात आला.

भाचीला गिदोराच्या तारा दिसल्या. दिसतातच. आत एक नट आणि तीन माना, पंख, शेपट्या वरून तारांनी ओढणारी माणसं. मी तिला सांगितलं, जपानमध्ये बुनराकू नावाचा बाहुल्यांचा खेळ आहे. त्यात एकेका बाहुलीला तिघे जण हलवतात, प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर. तरी लोक बाहुलीकडे बघून रडतात. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "आतल्या माणसाला उकडत नसेल?"

उकडायचं तर! पहिला सूट शंभर किलोंच्या आसपास होता, त्यात धड चालताही येत नसे. वर स्टुडिओतले दिवे. नाकाजिमांच्या घामाने सूट भिजून जायचा. जनावरं चालतात कशी हे पाहायला ते प्राणिसंग्रहालयात जाऊन बसत. १९५४ पासून १९७२ पर्यंत गॉडझिला तेच होते. त्सुबुराया कॅमेरा जास्त वेगाने चालवून चित्रण करून घेत. पडद्यावर ते नेहमीच्या गतीने दाखवलं की छोट्या प्रतिकृतींच्या शहरात पडणारं पाऊल खरोखर जड वाटतं. हे सगळं कळल्यावर मला कधीही कमी मजा आली नाही.

भाची झोपल्यावर मी वादाचा प्रसंग आवाज बंद करून पुन्हा पाहिला. रबराचा चेहरा बदलत नाही, तिथे नाकाजिमांना काहीच करता येत नव्हतं. म्हणून सगळं खांद्यांतून आणि मानेतून. "माझा काय संबंध?" हे गॉडझिला अख्ख्या पाठीने म्हणतो. मग गिदोरा अळीला उडवून देतो, ती पडते, पुन्हा सरपटत निघते, आणि ते दोघे लांबून बघत राहतात. रोदानच्या आधी गॉडझिला हलतो की नंतर, हे तीनदा मागे नेऊन पाहिलं.

एक वाजायला आला. पाऊस चालूच आहे. भाचीला १९५४ चा इतक्यात दाखवणार नाही, ती अजून लहान आहे. उद्या सकाळी मोथ्राचा १९६१ चा पहिला सिनेमा लावायचं कबूल केलं आहे. त्यात अळीचा पतंग (मॉथ) होतो, हे तिला अजून माहीत नाही.