पद्मिनीत जिप्सीचे इंजिन : काम अडले ते शाफ्टपाशी

प्रीमियर पद्मिनीत मारुती जिप्सीचे इंजिन बसवायचे ठरवले, तेव्हा भेटेल त्याने इंजिन मावेल का आणि वायरिंग जुळेल का, एवढेच विचारले. गिअरबॉक्सची ताकद मागच्या अॅक्सलकडे नेणाऱ्या लांब नळीबद्दल, म्हणजे प्रोपेलर शाफ्टबद्दल, कोणी अवाक्षर काढले नाही, आणि सगळे काम रखडले ते नेमके त्याच्यामुळे.

आधी कायद्याचे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केले आहे. १०८९ सीसीच्या गाडीत १२९८ सीसीचे इंजिन घालून ती नाशिकच्या गंगापूर रोडवर मिरवण्याचा विचार असेल, तर तो इथेच सोडावा. माझी गाडी गिरणाऱ्याकडील आमच्या पडीक जमिनीवर आखलेल्या मातीच्या ट्रॅकपुरतीच आहे. तिला टेम्पोत चढवूनच नेतो.

मारुतीच्या बहुतेक छोट्या गाड्यांचे इंजिन आडवे असते आणि पुढची चाके फिरवते. जिप्सीचे मात्र पद्मिनीसारखेच उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसते. शिवाय जिप्सीची ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) गिअरबॉक्सला चिकटलेली नसून एका आखूड शाफ्टने जोडलेली असते, त्यामुळे ती बाजूला काढली की गिअरबॉक्समधून निघालेली ताकद थेट मागच्या अॅक्सलकडे नेता येते. या एमपीएफआय (पेट्रोल दाबाने फवारून आत सोडणाऱ्या) इंजिनाची ताकद ८० अश्वशक्ती, म्हणजे पद्मिनीच्या साधारण दुप्पट. माउंटिंग, रेडिएटर, गिअरच्या दांडीसाठी फ्लोअर कापणे ही कामे सातपूरच्या आमच्या मिस्त्रींनी निमूटपणे उरकली. त्यात सांगण्यासारखे काही नाही.

राहिला शाफ्ट. एका टोकाला जिप्सीच्या गिअरबॉक्सचा जोड आणि दुसऱ्या टोकाला पद्मिनीच्या डिफरन्शियलचा (मागच्या अॅक्सलवरच्या गिअरपेटीचा) फ्लँज असा शाफ्ट बाजारात तयार मिळत नाही, तो बनवूनच घ्यावा लागतो. शहरातल्या ज्या कारखान्याकडे हे काम दिले, तिथे मी ऑक्टोबरात गेलो. द्राक्षाच्या छाटणीनंतर फवारणी सुरू होते, फवारणीच्या ब्लोअरचे शाफ्ट तुटून याच कारखान्यात येऊ लागतात, आणि फवारणी थांबवता येत नसल्याने शेतकऱ्याचे काम आधी होते. याबद्दल माझी तक्रार नाही; तसे पहिल्याच दिवशी सांगितले असते, तर मी दुसरीकडे गेलो असतो. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक वेळी उत्तर एकच, "साहेब, शाफ्ट झालाय, फक्त बॅलन्सिंग राहिलंय." कधी मशीन बंद, कधी कारागीर गावी. दिवाळी त्यातच गेली.

अखेर शाफ्ट हाती आला, तो मिस्त्रींनी गाडीला लावण्याआधी टेबलावर आडवा ठेवला आणि एका टोकाच्या योकवर, म्हणजे सांधा धरणाऱ्या काट्यावर, पाणसळ धरली. बुडबुडा बरोबर मध्ये. दुसऱ्या टोकाच्या योकवर धरताच तो काचेच्या कडेला जाऊन टेकला. दोन्ही योक एका रेषेत वेल्ड केलेलेच नव्हते. शाफ्टच्या टोकाचा सांधा, म्हणजे क्रॉस जॉइंट, कोनात फिरतो तेव्हा पुढचा भाग प्रत्येक फेरीत दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. दुसऱ्या टोकाचा जॉइंट हीच चढउतार उलटी भरून काढतो, पण योक एका रेषेत आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तरच. हे दाखवल्यावर मिळालेले उत्तर अजून डोक्यात आहे, "एवढं चालतं, बॅलन्सिंग केलंय ना." बॅलन्सिंगने वजनाचा असमतोल जातो, योकचा तिरकेपणा जात नाही, हे शाफ्ट बनवणाऱ्याला मी समजावून सांगायचे! नळी कापून पुन्हा वेल्ड करणे आणि पुन्हा बॅलन्स करणे आले, म्हणजे पुन्हा तीच रांग.

त्यामुळे पाणसळ सोबत नेऊन तपासणी कारखान्यातच करावी आणि तोपर्यंत पूर्ण पैसे देऊ नयेत. लांबीचे माप गाडी चारही चाकांवर उभी असताना घ्यावे, कारण जॅकवर अॅक्सल लोंबकळतो आणि स्प्रिंगच्या पाट्यांवर भार नसल्याने माप चुकते. स्प्लाइनच्या (खाचांच्या) सरकत्या जोडाला दोन्हीकडे सरकायला जागा राहील, हेही बघावे.

इंजिन विकत घेतानाची एक गोष्ट वर राहून गेली. त्याच गाडीचा ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक), संपूर्ण वायरिंग आणि चावी एकत्रच घ्यावी, आणि इंजिन क्रमांक लिहिलेले पक्के बिल मागावे; भंगारवाला कुरकुर करतो, पण देतो. पद्मिनीचा जुना यांत्रिक पेट्रोल पंप एमपीएफआयला लागणारा दाब देऊ शकत नाही, म्हणून विजेवर चालणारा पंप बसवावा लागतो, आणि टाकीला परतीची नळीही जोडावी लागते.

गाडी आता शाफ्टच्या थरथरीविना पळते, याचे श्रेय मी पूर्णपणे मिस्त्रींच्या पाणसळीला देतो. ट्रान्सफर केसच्या हाय रेंजचे, जोर १.४०९ पट वाढवणारे गुणोत्तर निघून गेल्याने पहिल्या गिअरचा जोर जिप्सीइतका उरत नाही. पद्मिनीची चाके लहान असल्याने त्यातला काही भाग भरून निघतो, तरी चढावर क्लच जपूनच सोडावा लागतो. ब्रेक मात्र चारही चाकांना ड्रमचेच आहेत आणि दुप्पट ताकदीला ते पुरत नाहीत, त्यामुळे पुढे डिस्क बसवेपर्यंत मी ट्रॅकचा लांब सरळ भाग वापरत नाही.