कॉनिक हिलवरून दिसलेली भेग
आज स्कॉटलंडमधल्या बालमाहा गावाहून कॉनिक हिल ही टेकडी चढलो. उंची जेमतेम ३६१ मीटर, पण वरून लॉख लोमंड हे सरोवर दिसलं आणि तिथेच बसून राहिलो. इंचकॅलॉक, टॉरिंच, क्रिंच, इंचमरिन ही बेटं पाण्यात एका ओळीत लागलेली, आणि ती ओळ म्हणजेच हायलँड बाउंडरी फॉल्ट, जमिनीच्या कवचातली प्रचंड भेग, म्हणजे भ्रंश! अ‍ॅरन बेटापासून पार स्टोनहेवनपर्यंत हा भ्रंश अख्खा स्कॉटलंड तिरका कापत जातो. उत्तरेला शिस्ट आणि स्लेट या खडकांचे उघडे डोंगर, दक्षिणेला लाल वालुकाश्मावरची हिरवी कुरणं. साधारण ४० कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन सरकत होती.

वाटेवरच्या खडकावर हात फिरवत राहिलो. लालसर दगडात मुठीएवढे गुळगुळीत गोटे, चिक्कीतल्या शेंगदाण्यांसारखे घट्ट रुतलेले. तेव्हाच्या नद्यांनी वाहून आणलेले. सह्याद्रीचा काळा कातळ बघत वाढलेल्या माणसाला याचं अप्रूप वाटणारच.

याच भ्रंशावरच्या कॉम्री गावाला १८३९ मध्ये मोठा भूकंप जाणवला होता. मापनाची उपकरणं ठेवायला १८७४ साली तिथे छोटंसं दगडी घर बांधलं, ते अजून उभं आहे. पुढच्या सुट्टीत तिकडे जायचंय. कोण येतंय?