आईच्या गाठीवर औषध आधी तपासून बघता येईल का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी ऑर्गनॉइडवर, म्हणजे शरीरातल्या पेशींपासून लॅबमध्ये वाढवलेल्या अवयवाच्या किंवा गाठीच्या इवल्याशा प्रतिकृतींवर, काम करते हे कळलं की ओळखीपाळखीतलं कुणी ना कुणी बाजूला घेऊन विचारतंच, "आईच्या गाठीचा तुकडा तुमच्या लॅबमध्ये वाढवला, तर कुठली केमो लागू पडेल ते आधीच कळेल ना?"

अजून तेवढा भरवसा देता येत नाही. विचारणाऱ्याचा चेहरा बघून हे बोलणं मला दर वेळी जड जातं.

तुकडा आला की पेशी सुट्या करून आम्ही त्या मॅट्रिजेलमध्ये रुजवतो. हे जेल बर्फावर पातळ असतं, ३७ अंशांवर घट्ट होतं. वाढीचे घटक घातले की काही दिवसांत बुडबुड्यांसारखे गोळे दिसू लागतात, तेच ऑर्गनॉइड. नेदरलँड्समध्ये उत्रेख्तला हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत २००९ साली उंदराच्या आतड्यातल्या एकाच मूळपेशीपासून असे गोळे वाढवले गेले, तिथून आमची वाट सुरू झाली.

२०१८ मध्ये आतड्या-जठराच्या पसरलेल्या कर्करोगांवर लंडनचा अभ्यास आला. ऑर्गनॉइडवर जे औषध चाललं नाही, ते रुग्णालाही लागू पडलं नाही, एकही अपवाद नाही. जे चाललं, ते ८८ टक्के वेळा लागू पडलं. आम्ही हरखून गेलो होतो.

मग २०२१ मध्ये नेदरलँड्सचाच 'सेन्सर' नावाचा अभ्यास आला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ५४ नमुने, त्यातले ३१ वाढले. २५ वर औषधं तपासली, १९ नमुन्यांत कुठलं ना कुठलं औषध चाललं. प्रत्यक्ष औषध मिळालं सहा जणांना, आणि एकाचीही गाठ म्हणावी तशी आटली नाही. हे छापणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे. बशीतल्या गोळ्याला रक्तवाहिन्या नसतात, प्रतिकारपेशी नसतात, औषध पचवणारं यकृतही नसतं. औषध थेट पेशीवर पडतं. शरीरात त्याला तिथवर पोहोचावं लागतं.

म्हणून डॉक्टरांनी केमोची तारीख दिली असेल तर माझ्या ऑर्गनॉइडसाठी ती पुढे ढकलू नका. संशोधनासाठी तुकडा द्यायचा असेल तर मात्र ऑपरेशनच्या आधीच बोला. संमतीपत्र तेव्हाच भरायचं असतं, आणि एकदा फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तपासणीसाठी तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात, पडलेला तुकडा वाढत नाही.