तांदळात लिहिलेलं नाव आणि पासपोर्ट

मे 1986 मध्ये काटोलहून नागपूरला सासरी आले, त्या संध्याकाळी लक्ष्मीपूजनाला ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. शुभांगी. माहेरची कुसुम तिथेच संपली असं सगळ्यांनी धरलं, मीही धरलं. 2023 मध्ये लेकीने, ‘आई, आता तू अमेरिकेला ये,’ म्हणून हट्ट धरला आणि मी पहिल्यांदा सगळे कागद एका जागी मांडले. कुसुम तिथे होती.

दहावीच्या सनदेवर आणि शाळेच्या दाखल्यावर कुसुम, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव, जन्म 12 जून 1964. आधारवर शुभांगी वसंता आणि फक्त जन्मसाल, तेही 1966. वॉर्डातल्या शिबिरात अंदाजाने टाकलेलं असणार. पॅनवर शुभांगी वसंतराव, पण इंग्रजी स्पेलिंगमधला पहिला ‘एच’ गायब. बँकेत वसंत, तेही डब्ल्यूने. नातू दोन वर्षांचा झाला होता आणि त्याला मी फोनवरच पाहिलं होतं. त्या दिवशी मला फार रडू आलं.

कोर्टाजवळच्या एका एजंटने सांगितलं, ‘काकू, दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र करा, झालं काम.’ त्याने स्टॅम्प पेपर घ्यायला लावला. पुढे कळलं की सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात 2004 पासून मुद्रांक शुल्क माफ आहे, साधा कागद चालतो. ते प्रतिज्ञापत्र घेऊन पासपोर्टच्या काउंटरवर गेले. तिथल्या बाईंनी शांतपणे समजावलं : स्पेलिंग चुकलं ही एक गोष्ट आणि नावच बदललं ही दुसरी. पहिलं नाव बदललं असेल तर राजपत्र, म्हणजे सरकारी गॅझेटमध्ये छापलेली नाव बदलाची नोंद, लागेल. त्या बाईंचं बरोबर होतं.

पण त्याआधी ठरवायचं होतं, मी कोण म्हणून राहणार? दादा म्हणाला, ‘तू कुसुमच राह, सनद पक्की आहे.’ मलाही मोह झाला. पण लेकीच्या पासपोर्टवर आईचं नाव शुभांगी आहे. मी कुसुम झाले असते, तर तिची आई मी आहे हे सांगायला पुन्हा वेगळे कागद लागले असते. तिथेच निर्णय झाला. ह्यांच्या नावाचं स्पेलिंग ह्यांच्या पासपोर्टवर आहे तेच धरलं : वसंत, व्हीने, पुढे राव नाही. ते मोठ्या अक्षरांत एका चिठ्ठीवर लिहिलं, आणि पुढे प्रत्येक खिडकीवर तोंडाने न सांगता ती चिठ्ठीच पुढे केली.

कुसुमची शुभांगी लग्नामुळे झाली, हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला हवा होता, आणि आमचं लग्न नोंदवलेलंच नव्हतं. मनपाच्या झोन कार्यालयातून अर्ज आणला. लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्या गुरुजींची माहिती. गुरुजी कधीच वारले होते, त्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र झालं. पत्रिका सासूबाईंच्या ट्रंकेत सापडली. हळदीचे डाग पडलेली, आणि तिच्यावर ‘चि. सौ. कां. कुसुम’. साक्षीदार म्हणून दादा पहाटेच्या एसटीने काटोलहून आला. सही करताना त्याचा हात कापत होता. 37 वर्षांनी मी तोच शालू नेसून गेले होते. नेसायची काही गरज नव्हती, पण मला नेसावासा वाटला.

मग राजपत्र. नाव बदलाचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. जुनं नाव, नवं नाव, कारण आणि दोन्हींचे पुरावे. माझी कळकळीची विनंती आहे, पाठवण्यापूर्वी एक-एक अक्षर मोठ्याने वाचा. भाचीने वाचलं म्हणून माझा तो ‘एच’ पुन्हा राहता राहता वाचला.

राजपत्र हाती आल्यावरच आधार केंद्रात गेले. नाव आयुष्यात दोनदा बदलता येतं, जन्मतारीख एकदाच, म्हणून तिथे घाई केली नाही. सनद आणि राजपत्र दोन्ही दाखवली, एकाच फेरीत 50 रुपयांत दोन्ही दुरुस्त्या झाल्या. त्यानंतर पासपोर्ट, 1500 रुपये, पोलीस पडताळणी, सगळं सुरळीत. काउंटरवर स्क्रीनवर आपली माहिती दिसते, तेव्हा आडनाव आडनावाच्याच रकान्यात आहे ना ते बघा. आपल्याकडे शाळेपासून आडनाव आधी लिहायची सवय असते. आमच्या शेजारच्या वहिनींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा राहिला. अशा वेळी अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात असलेलं नाव आडनावात जातं आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) लिहावं लागतं. अमिरातीत तर नोव्हेंबर 2022 पासून एकेरी नावावर पर्यटक म्हणून प्रवेश नाकारला जाऊ शकतो.

व्हिसाचा अर्ज लेकीने व्हिडिओ कॉलवर भरून दिला. त्यात विचारतात, याआधी दुसरं नाव वापरलं आहे का? ती म्हणाली, ‘आई, “नाही” लिहू का? उगाच प्रश्न नकोत.’ मी म्हटलं, ‘नाही गं बाई, “हो” लिही. आणि माझं माहेरचं नाव पूर्ण लिही.’ लपवलं असतं आणि उद्या सनद पुढे आली असती, तर खोटी मीच ठरले असते.

सगळ्यात लांबली ती मुलाखतीच्या तारखेची वाट. शेवटी विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला गेलो. एक दिवस बोटांच्या ठशांना, दुसऱ्या दिवशी बीकेसीतल्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, अमेरिकन वकिलातीत. खिडकीपलीकडच्या साहेबांनी विचारलं, ‘कुसुम कोण?’ मी म्हटलं, ‘मीच. लग्नाआधीची.’ मग लेकीबद्दल दोन प्रश्न, परत कधी येणार, आणि पासपोर्ट ठेवून घेतला, म्हणजे व्हिसा मंजूर. फाइल उघडायचीही वेळ आली नाही.

बाहेर आल्यावर पहिला फोन दादाला केला. बँकेतलं डब्ल्यूचं वसंत अजून तसंच आहे, ते आता अमेरिकेहून आल्यावर.