इतकी माणसं कशाला?

काल रात्री मी लावलेलं संगीत ऐकताना अकराव्या मिनिटाला त्याने कानातला इयरफोन काढून माझ्या हातात ठेवला आणि विचारलं, "पण याला इतकी माणसं कशाला लागतात?" कुत्सितपणे नाही, अगदी सहज. म्हणूनच लागलं.

"आवडतं मला," एवढंच म्हणाले. मग पहाटेपर्यंत मनातल्या मनात उत्तरं देत राहिले.

संगीतकार मालरची आठवी सिम्फनी होती, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीची लांबलचक रचना. १२ सप्टेंबर १९१० रोजी म्युनिकमध्ये ती पहिल्यांदा वाजली, तेव्हा वादक-गायक मिळून हजारावर माणसं होती. 'हजारांची सिम्फनी' हे नाव आयोजकाने जाहिरातीसाठी दिलेलं, मालरला ते रुचलं नव्हतं. का, ते मला कळतं. आकडा कानावर पडला की लोकांना गोंगाटच ऐकू येतो. त्यालाही तोच आला असणार. सुरुवात आहेच तशी, ऑर्गन आणि दोन कोरस, म्हणजे गाणाऱ्यांचे दोन जथे, एकदम अंगावर येतात.

पण शेवटचा कोरस सुरू होतो तो इतका हळू, की आवाज नेमका कधी आला ते सांगता येत नाही. आठ जण हळू गायले तर आठ गळे ऐकू येतात. शेकडो जण तितकंच हळू गायले की गळे नाहीसे होतात, हवाच सुरात येते. यासाठी लागतात माणसं. हे काल का नाही सुचलं?

फ्रेंच संगीतकार बर्लिओझच्या रेक्विएमबद्दल, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीताबद्दल, सगळे चार कोपऱ्यांतल्या चार ब्रास ताफ्यांचं, पितळी वाद्यांच्या ताफ्यांचं, सांगतात. माझा जीव अडकतो तो पुढे, जिथे कोरस थांबला की तीन फ्लूट खूप वर आणि ट्रॉम्बोन खूप खाली वाजतात, आणि मधे काही म्हणजे काही नाही. एवढा फौजफाटा जमवून त्या माणसाने ती पोकळी ऐकवली.

हे ऐकायला सोबत कुणी नाही, हे खरं दुखणं. कधीच नव्हतं. आधीच्या घरी तर दार लावून... जाऊ दे.

रशियन संगीतकार स्क्र्याबिनला हिमालयाच्या पायथ्याशी सात दिवस चालणारी रचना करायची होती. १९१५ साली ओठावरच्या फोडीचा संसर्ग झाला आणि तो गेला, मागे नुसते आराखडे. इंग्रज संगीतकार हॅवरगल ब्रायनने 'गॉथिक' सिम्फनी १९२७ मध्ये पुरी केली. दोन मोठे कोरस, मुलांचा कोरस, ऑर्गन, वर चार ब्रास ताफे. एवढं कोण जमवणार? ती पहिल्यांदा वाजली १९६१ साली, तेव्हा तो ८५ वर्षांचा होता. चौतीस वर्षं ते सगळे आवाज फक्त कागदावर. आणि तरी तो लिहीतच राहिला, एकूण ३२ सिम्फनी. रात्री याच जागी येऊन मी थांबत होते. त्याला ऐकायला कुणी होतं का, असं विचारत होते.

चौतीस वर्षं. मी एका रात्रीत हिरमुसले.

आणि तो दिवसभर राबून आल्यावर अकरा मिनिटं बसला होता, माझ्यासाठी. तेही मी धरलं नव्हतं.

रविवारी त्याला सुरुवात ऐकवणार नाही. फक्त शेवटची काही मिनिटं, दिवा मालवून.